तीन सेंटीमीटर फेस

३ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. पण तो बरा झाल्याबरोबर तू पुन्हा दोनशे माणसांच्या स्वयंपाकाला उभी राहिलीस, हेही त्याच पत्रात वाचलं. तू एक दिवस नसलीस तर इस्पितळाचं कँटीन काही बंद पडत नाही. बरं, पडतं म्हणा.

आता माझी बातमी. शाळेत लागून जेमतेम दोन महिने झाले आणि मी चक्क स्वतः एक प्रयोग बसवला! एन्झाइम म्हणजे सजीवांच्या शरीरातली कामं भरभर उरकणारं द्रव्य. ते बटाट्यातही असतं. कच्चा बटाटा ठेचून परीक्षानळीत घातला आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, की फसाफसा फेस येतो. बटाटा उकळला की एन्झाइम निकामी होतं, मग फेस नाही. मुलांनी बर्फातला, साधा आणि उकळलेला असे तीन बटाटे घ्यायचे आणि फेसाची उंची पट्टीने मोजायची. तास चाळीस मिनिटांचा, म्हणून मी चांगल्या जाड फोडी करून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकल्या, की झालं. शेगडी सांभाळताना अशी तारांबळ उडाली की नळ्या बघायला फुरसतच मिळाली नाही. तरी सातपैकी सहा टेबलांची उत्तरं अगदी पुस्तकाबरहुकूम आली.

सातव्या टेबलावर एक मुलगी आहे, आम्ही शिक्षक तिला ‘तपासनीस’ म्हणतो. तिने उकळलेल्या बटाट्यापुढे लिहिलं, ‘फेस, तीन सेंटीमीटर’! मी लाल फुली मारली, नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणाले. नाही झाली बाई, एवढंच ती म्हणाली. आहे की नाही गंमत?

शुक्रवारी मुख्याध्यापिका तासाला बसणार आहेत. त्यांना पटलं तर प्रयोग सगळ्या तुकड्यांना, नाहीतर पुन्हा फळ्यावरून उतरवून घेणं.

कळावे. लोभ आहेच, तो माझ्या बडबडीला कंटाळू नये.
तुझी खारू

६ जुलै

चि. खारूस अनेक उ. आ.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. मी सातवीत शाळा सोडलेली, तेव्हा एन्झाइमचं तू बघ. बटाट्याचं मात्र मला विचार. जाड फोड दोन मिनिटांत शिजते असं तुला कोणी सांगितलं? वरून मऊ लागते, आत कच्चीच्या कच्ची. माझ्याकडे येणारा प्रत्येक नवा आचारी पहिल्या आठवड्यात हेच करतो. कच्चीच फोड ठेचून नळीत घातलीस, मग फेस येणार नाही तर काय?

म्हणजे त्या पोरीने डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. बाकीच्यांनी तुला काय हवंय ते लिहिलं. आणि फुली तू कोणाला दिलीस बघ.

मला तुझा राग आलाय, सरळ सांगते. लहानपणी तुझ्या चुकांवर मीच पांघरूण घातलं, तेव्हा थोडा माझाही आलाय. शुक्रवारी गुपचूप बारीक फोडी करून वेळ मारून नेऊ नकोस. जे काय झालं ते वर्गात, सगळ्यांसमोर, त्या मुख्याध्यापिका बसलेल्या असताना सांग. नोकरी नवी आहे, भीती वाटणारच. तरी सांग. आणि जेवून जा, रिकाम्या पोटी धीर टिकत नाही.

रागावले ती लोभापोटीच, हे जाणून असावे.
आत्या

११ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं. आधी मला तुझाच राग आला. मग एक जाड फोड दोन मिनिटं उकळून कापली. मधोमध कच्ची! तरीही दिवसभर मनात घोळत होतं, बारीक फोडी कराव्यात, कोणाला कळणार आहे?

शुक्रवारी मुख्याध्यापिका वही उघडून मागच्या बाकावर बसल्या. मी एका दमात सांगून टाकलं, की तपासनीस बरोबर होती, फोड मीच कच्ची ठेवली आणि न बघता फुली मारली, माझं चुकलं. मग तिसऱ्या टेबलावरचा चष्मेवाला उठला आणि म्हणाला की फेस त्यांनाही आला होता, पण पुस्तकात नाही म्हणून त्यांनी खोडला. त्याच्यामागून पहिलं टेबल उठलं, पाचवं उठलं, करता करता सहाच्या सहा टेबलं! असा हशा पिकला की काही विचारू नकोस.

मग मी त्या चुकीचाच प्रयोग केला. जाड फोड दोन मिनिटं, जाड फोड दहा मिनिटं, बारीक फोड दोन मिनिटं. वजन सारखं. आधी कापून बघायचं, मगच ठेचायचं. मुख्याध्यापिका वही टाकून खलबत्ता घेऊन कधी बसल्या, कळलंच नाही. जाताना म्हणाल्या, प्रयोग सगळ्या तुकड्यांना द्या, फक्त छापील कागदावरचा ‘अपेक्षित निष्कर्ष’ हा रकाना काढून टाका. आत्या, मी खूप खूप आनंदात आहे!

पण तुला सांगायचं ते निराळंच. तपासनीस तासभर माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. घंटा झाली, सगळे पांगले, आणि ती सातव्या टेबलावरूनच म्हणाली, मोड आलेल्या बटाट्याला फेस जास्त येतो का? मी सवयीने उत्तर जुळवायला लागले, मग म्हटलं, मला माहीत नाही. तिने आपलं स्टूल ओढत आणलं, माझ्या शेजारी ठेवलं आणि ती बसली.

लोभ असू द्यावा, माझ्यावर आणि आता तिच्यावरही.
तुझी खारू