धाकटीच्या बेटावरचा माणूस

४ फेब्रुवारी
धाकटी पुन्हा बेटावर निघाली. दर वर्षी आठवडाभर, एकटी. म्हणे पक्षी बघायला. परत आल्यावर एकाही पक्ष्याचं नाव सांगत नाही. यात पुरुष आहे. या वयात, आणि माझी सख्खी बहीण. उद्या तिने त्याच्याकडे बिऱ्हाड हलवलं तर या फ्लॅटमध्ये मी भिंतींशी बोलायचं का? ठरवलं, या खेपेला मीही जाणार. सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती. ब्लाउज जळला. मनात काळंबेरं असल्याशिवाय हात असा थांबत नाही.

५ फेब्रुवारी, सकाळ
ती आंघोळीला गेल्यावर तिची बॅग तपासली. जन्मभर कस्टम्समध्ये लोकांच्या बॅगा उघडल्या, घरची उघडायला लाज कसली? एक ताट, एक कप, एका माणसाचा तंबू. हुशार आहे. तो आपलं सामान आपण आणत असणार.
ठराव: बेटावर अवाक्षर काढायचं नाही. आपण गप्प राहिलं की समोरचा आपोआप सापडतो.

६ फेब्रुवारी
पोचलो. खडक, गवत आणि वारा. दुसरं काही नाही. वारा असा की बोललेला शब्द पुन्हा घशात जातो. तरी तंबूबद्दल बोलावंच लागलं. धाकटी दोऱ्या दगडांना बांधत होती. शुद्ध अडाणीपणा. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी गाठी शिकवल्या आहेत, माझी गाठ सुटत नाही. सुटली नाहीच. खुंट्यांसकट माझा नवा तंबू समुद्रात गेला. दुकानदाराने खुंट्या मुद्दाम आखूड दिल्या. कोणाच्या सांगण्यावरून, ते मी ओळखून आहे.
आता दोघी तिच्या तंबूत. मी कूस बदलली की ती बाहेर.

७ फेब्रुवारी
नावाडी पिण्याचं पाणी घेऊन आला. त्याला बाजूला घेऊन विचारलं, धाकट्या बाईंना भेटायला कोण येतं? कोणी नाही, म्हणाला. इतकी वर्षं नेतो-आणतो, पण बाईंना वाचा नाही असंच वाटायचं. काल होडीत पहिल्यांदा आवाज ऐकला. काय बोलल्या, असं विचारलं. 'ताई, आता पुरे' एवढंच, म्हणाला.
साक्षीदार पढवलेला आहे.

८ फेब्रुवारी
दुपारी धाकटी हळूच सटकली. मी मागोमाग, गवतातून वाकून. टोपी उडाली, चष्मा वाचला. पलीकडे एका खडकाच्या आडोशाला ती बसली. हात मांडीवर, तोंड समुद्राकडे. बराच वेळ गेला. तो आला नाही. माझी कंबर धरली. शेवटी समोर जाऊन विचारलं, कोणाची वाट बघतेस? कोणाचीच नाही, म्हणाली. मग इथे करतेस काय? बसते, म्हणाली. मी म्हटलं, बसायला घरी सोफा आहे. तर म्हणते, ताई, सोफ्यावर तू असतेस.
त्यावर मी तिला शांतपणे समजावलं की मी सोफ्यावर असले तरी माझा कोणाला म्हणून त्रास नसतो. लहानपणापासूनचे दाखले दिले. उन्हं उतरेपर्यंत समजावलं. वाऱ्यामुळे जरा ओरडून. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. म्हणजे पटलं.

९ फेब्रुवारी
ठरल्याआधीच परत. धाकटीनेच टॉवेल हलवून होडी बोलावली. बेटावर पुरुष नव्हता, हे मी मोठ्या मनाने मान्य करते.
होडीत तिने आपण होऊन विषय काढला. ताई, पुढच्या वर्षी तू एकटीच ये, म्हणाली. हवं तर महिनाभर राहा. माझा तंबू घेऊन जा. मला भरून आलं. या घरात माझी एवढी काळजी आजवर कोणी केली नव्हती. म्हटलं, अगं, पण महिनाभर तू घरी एकटी काय करशील?
काही नाही, म्हणाली. आणि हसली. तिला असं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं, आठवत नाही.
म्हणजे तो घरी येणार. दुसरं कारण असूच शकत नाही.