पापस्वीकाराचा सराव

पवनार
२८ मे, बुधवार

प्रिय ताई,

सप्रेम जय ख्रिस्त.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी आणि मठातल्या सगळ्या सिस्टरांची खुशाली प्रभूकडे मागते. आठ महिन्यांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. ऊन मात्र असं आहे, की सकाळी आठनंतर धाम नदीकडे कोणी फिरकत नाही. ह्यांची सेवाग्रामच्या दवाखान्यातली एक्स-रेची ड्यूटी बदलली, आता उजाडतानाच बस पकडतात. घरात मग मी आणि रुचिका.

रुचिका उंच झाली. नाताळचा फ्रॉक गुडघ्यावर आला, म्हणून नवा पांढरा शिवायला टाकला आहे. ८ जूनला, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद. आदल्या दिवशी वर्ध्याच्या चर्चमध्ये पहिला पापस्वीकार. तयारी जोरात आहे. म्हणजे शनिवारपर्यंत होती.

तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. आमची घरची शाळा सुरूच आहे, उन्हाळ्याच्या सुटीतही. कपाटाच्या दाराला काळा रंग देऊन फळा केला आहे. साडेसातला मी घंटा वाजवते, वही उघडते आणि हजेरी घेते. एकच नाव. ती उभी राहून 'हजर' म्हणते आणि बसते. मग प्रार्थना, पाढे, शुद्धलेखन, एक स्तोत्र पाठ. हसू नकोस, शिस्त लागते त्याने. शेजारच्या तानाबाई कुंपणावरून हे सगळं ऐकतात. परवा म्हणाल्या, "माह्या बापानं मले शाळेत घालाले मजुरी बुडवली होती वं. अन् तू पोरीले हातानं काढून आणली? काऊन?"

मी त्यांना नेहमीचं उत्तर दिलं. श्रद्धा घरात रुजते, आईच पहिली गुरू, वगैरे. तुलाही तेच लिहिलं होतं, चार पानं भरून. ताई, ते खोटं नव्हतं, पण खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही.

दुसरीत असताना रुचिका एक दिवस घरी आली आणि डबा धुता धुता सहज म्हणाली, "पोरींनी विचारलं, तुमचा देव कोणता. मी म्हटलं, आमच्या घरी देव नाई." कुणी तिला चिडवलं नव्हतं. सात वर्षांची पोर, तिला भूक लागली होती, तिने विषय मिटवला आणि डबा उघडला. एवढंच. पण मला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. वाटलं, ही हातची जाणार. महिन्याभरात मी नर्सची नोकरी सोडली आणि तिचा दाखला काढला. तेव्हा तू ते तीन पानी पत्र लिहिलंस. 'घराची शाळा केलीस, तर पोरीने शाळा सुटल्यावर जायचं कुठे?' मला इतका राग आला, की तुझ्याशी बोलणंच टाकलं. मठात राहणारीला काय कळतं लेकरांचं, असंही म्हणाले. हे तुला कुणी कळवलं नसेल, म्हणून मीच कळवते.

आता शनिवारचं सांगते. तीनदा पेन खाली ठेवला.

पापस्वीकाराला ती घाबरेल, म्हणून मी सराव घ्यायचं ठरवलं. दोरीवर जुनी सुती साडी टाकली. अलीकडे मी फादर होऊन बसले, पलीकडे ती गुडघ्यांवर. संस्काराचा खेळ करू नये, हे तू म्हणणारच. पापक्षमेचे शब्द मी उच्चारले नाहीत, एवढी अक्कल शाबूत होती. मी आवाज जाड केला. ती आधी खुदुखुदु हसली.

पहिलं पाप, डब्यातला गूळ. दुसरं, पाढे चुकायला लागले की पोट दुखतं म्हणून सांगते. मी पदर तोंडाला लावून हसू दाबत होते. मग ती थांबली.

"फादर, मले आई आवडत नाई."

मी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"म्हणजे संध्याकाळची आवडते. केसाच्या येण्या घालते, गोष्ट सांगते, ते. सकाळची नाई आवडत."

माझ्या तोंडून फादरच्याच आवाजात निघालं, "काऊन बेटा?"

"मी हजर म्हणतो, अन् बाजूले कोणीच नसते." मग म्हणाली, बाकी पोरांची शाळा सुरू असते तेव्हा त्यांचा ऑटो दारावरून जायच्या वेळी ती पलंगाखाली लपते. काजलने, तिच्या जुन्या मैत्रिणीने, तिला पाहू नये म्हणून. ताई, मला वाटायचं, चप्पल शोधते आहे. शेवटी अगदी हळू म्हणाली, "माह्या आईले सांगू नका बरं, फादर. तिनं माह्यासाठी नोकरी सोडली."

"नाही सांगणार," मी म्हटलं. आणि प्रायश्चित्त म्हणून तीनदा 'नमो मरिया' म्हणायला सांगितलं.

साडी बाजूला करून ती आली आणि विचारलं, "आई, बरोबर झालं का?" मी म्हटलं, "बरोबर झालं." आणि उठून कणीक मळायला घेतली.

पलीकडे मीच बसले आहे हे तिला माहीत होतं ना? चार दिवस हाच भुंगा डोक्यात आहे. कधी वाटतं, पोर खेळात हरवली. कधी वाटतं, समोरासमोर सांगता येत नव्हतं ते तिने साडीआडून सांगितलं. विचारू कसं? वचन दिलं आहे. पापस्वीकारात ऐकलेल्याचा फादरांना वापरही करता येत नाही, हे मीच तिला शिकवलंय. पण मी काही फादर नाही गं. सोमवारपासून हजेरीची वही उघडलेली नाही. तिला वाटतंय, सुटी दिली.

जुन्या शाळेत जाऊन आले. तिसरीत जागा आहे, ६ जूनपर्यंत फॉर्म घेतात. मी नुसता भरून टाकला, तर तिला लगेच कळेल, की तिने सांगितलं म्हणून आईने केलं. मग त्या शनिवारी खऱ्या फादरांपुढे ती तोंड उघडेल का? आणि नाही भरला, तर 'आई आवडत नाही' हे ओझं घेऊन ती तिथे जाईल. ते पाप तिचं नाहीच, ताई. माझं आहे.

म्हणून हे मागणं. तू मला पत्र लिही. फोन नको, पत्रच. खडसावून लिही, की पुरे झालं, पोरीला शाळेत घाल. मी ते तिच्यादेखत मोठ्याने वाचेन. दिवसभर तणतणेन, भांडी आपटेन, तानाबाईंना ऐकवेन, आणि दुसऱ्या दिवशी हरून फॉर्म भरेन. तिला वाटलं पाहिजे, की सिस्टर मावशीने आईला नमवलं. तुझं जुनं पत्र जपून ठेवलं आहे, पण त्यावर तारीख आहे, नाहीतर तेच चाललं असतं. ५ तारखेच्या आत हाती पडू दे. अमरावतीहून स्पीड पोस्टाला दोन दिवस लागतात.

देवाबद्दल एक शब्द घाल. तिने शाळेत 'देव नाई' म्हटलं, तरी देव कुठे जात नाही, अशा अर्थाचं काहीतरी. ते मला कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि एक ओळ तिच्यासाठी, आईवर रागावू नकोस म्हणून. सकाळ-संध्याकाळचा उल्लेख मात्र चुकूनही नको. वाचताना आवाज फुटला, तर रागाने फुटला म्हणेन.

तुझी धाकटी, आणि संध्याकाळपुरती का होईना रुचिकाची आवडती,
छाया