पुलाच्या चुन्याबद्दल

माय, आपला पूल तुटला. सगळा न्हाई, एकच कमान. पोलीस ॲक्शनच्या त्या चार-पाच दिवसांत कोणीतरी सुरुंग लावला. कोण म्हणतं पळणाऱ्यांनी, कोण म्हणतं पाठलाग करणाऱ्यांनी. केदारखेड्याच्या पारावर त्यावरून अजून भांडणं होतात, आणि एक म्हातारा तर शपथेवर सांगतो की वीज पडली. मी तेव्हा जालन्यात जिनिंगमध्ये होतो, त्याच्या आधी मनमाडला, त्याच्या आधी तंबूतल्या सिनेमाबरोबर. तो सिनेमावाला मोठा मजेशीर गडी, पोपटाला हिशोब शिकवायचा... जाऊ दे. पुलाचं सांगायला बसलोय. पुढचा पावसाळा सरला, नदी उतरली, तशी दुरुस्ती निघाली, आणि मी तिथंच कामाला लागलोय.

पूल बांधत होते तेव्हा तू चुन्याच्या घाणीवर होतीस. नदीकाठची ती गोल दगडी चर मला आजही दिसते. चरीत दगडी चाक, चाकाला लांब दांडा, दांड्याला ठेकेदाराचा बैल. बैल फिरतो, चाक चुना आणि वाळू दळतं, तू फावड्यानं वरखाली करतेस, वरून गुळाचं पाणी शिंपडतेस. चुन्यानं तुझे हात इतके फाटले होते की पिठात घालायची सोय नव्हती. म्हणून भाकरी मी करायचो, सोळा-सतरा वर्षांचा घोडा, आणि तू चुलीपाशी बसून हुकूम सोडायचीस. "अजून मळ. घाई करू नको. बोटाला कण लागून राह्यला तवर भाकर फाटनारच." माझी पहिली भाकर बघून तू म्हणालीस, "ही खायाची का हिच्यावर पूल बांधायचा?" सगळं गाव हसलं. बाईमाणसाचं काम करतो म्हणून पोरांनी मला चिडवलं, तेव्हा तुझा राग आला होता. पण माय, मी जिथं जिथं गेलो तिथं पीठ मिळालं की उपाशी राहिलो न्हाई. शाळेत चार वर्षं काढली, त्यातलं जे उर्दूत होतं ते विसरलो, मराठीतलं अर्धं विसरलो. चुलीपुढं शिकलेलं एवढं मात्र टिकलं.

बैलामागं चालायचं काम माझं होतं. दर फेऱ्याला एक खडा एका गाडग्यातून दुसऱ्यात टाकायचा. पहिलं गाडगं रिकामं झालं की दळण झालं, असा मिस्त्रीचा नियम. राजूरच्या गणपतीची अंगारकी होती त्या दिवशी. तू वाळू चाळायला खाली गेल्तीस. मी निम्मे फेरे चाललो आणि उरलेले खडे एकदम दुसऱ्या गाडग्यात ओतले. बैलवाल्यानं गाडगं बघितलं, बैल सोडून नेला. मी जत्रेला म्हणून पळालो. संध्याकाळी परत आलो. तू प्रसादाला हात पुढं केलास, तो कपाळाला लावलास, आणि जेवताना सहज म्हणालीस, "उद्यापासून खडे नको टाकू. चुना बोटात घेऊन बघत जाय. लोन्यावानी लागला की थांबायचं." मला वाटलं, बरं झालं, मोजायची कटकट गेली. पुढच्याच वर्षी तू तापानं गेलीस. त्या दिवसाचा चुना मधल्या खांबात गेला होता, आणि मी कुठंही असलो तरी पुराची बातमी ऐकली की तो खांब आठवायचा.

पडली ती कमान बरोबर त्याच खांबाला लागून. ओव्हरशियर म्हणाला, खांबाच्या सांध्यात पहार शिरली तर खांब मुळापासून उतरवायचा. म्हणजे आणखी एक पावसाळा दोन्ही काठच्यांनी कंबरभर पाण्यातून जायचं. गेल्या पावसाळ्यात एक बाळंतीण ह्याच काठावर अडून राह्यली, तिचं लेकरू गेलं. पहार माझ्या हातात दिली. गावचे लोक वर काठावर उभे. मी सगळा जोर लावून मारली. पहार टणकन उडाली, दगडाचा टवका निघाला, चुना तसाच. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. ओव्हरशियर खाली वाकून सांधा नखानं खरवडत म्हणाला, "ये चूना है के फौलाद? किसने पीसा था?"

मी पहार खाली टेकवली. पाटी घेऊन उभी असलेली तुझी घाणीवरची जोडीदारीण, ती तंबाखूवाली मावशी, खो खो हसायला लागली. "कारं भटक्या, सांग की सायबाला! तुझ्या खड्यांनी पिसला म्हनून सांग!"

"मावशी, तुला ठावं होतं?"

"मला कशाचं ठावं? तुझ्या मायनं चुना बोटात घेतला अन् म्हनली, बाई, खडे खोटं बोलून राह्यले. बैल तर गेल्ता. मंग लागलो दोघी दांड्याला. दिवस बुडस्तोवर बैल झालो आम्ही!"

"मिस्त्रीला सांगितलं न्हाई?"

"मिस्त्रीला म्हनली, पोरानं बराबर फेरे दिले."

"मंग मला तरी सांगायचं!"

"तुला सांगून काय, तू थांबला असता व्हय?"

न्हाई माय, थांबलो नसतो. त्याच रागानं दुसऱ्या दिवशी पळून गेलो असतो. हे तुला माझ्या आधी कळलं होतं. मी ओव्हरशियरला म्हणालो, "माझ्या मायनं." त्यानं खांब राखला आणि मला नव्या घाणीवर घातलं. चार महिने झाले, एका जागी इतका मी कधीच राह्यलो न्हाई. नव्या कमानीचा चुना मी बोटात घेऊनच सोडतो. माझेही हात फाटलेत. भाकरी आता मावशीचा नातू थापतो, मी चुलीपाशी बसून त्याला शिव्या देतो. जत्रेआधी कमान जुळेल म्हणतात.

हा कागद टपालात टाकायचा न्हाई. फक्त एक राहिलं, ते मावशीलाही सांगितलं न्हाई. त्या दिवशी मी राजूरला पोचलोच नव्हतो. वाटेत डोंबाऱ्याचा खेळ लागला, तो बघत बसलो. तू कपाळाला लावलास तो प्रसाद नव्हता, माय. डोंबाऱ्याच्या खेळापाशी घेतलेले फुटाणे होते.