डाव्या खांद्यावरची शाल

पाली, जि. रत्नागिरी
शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. दिशा,

आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहोत, आणि हे नुसतं रिवाज म्हणून लिहीत नाही. भात झोडून झालं, पेंढा रचला, नव्या तांदळाची पेज काल पहिल्यांदा खाल्ली. तुझे बाबा जयगडच्या बंदरावर पाळीला गेलेत. तुझी आई दुकानात. दिवाळी सरली तरी तिच्याकडचा ब्लाउजांचा ढीग काही सरत नाही.

पत्र कागदावरच लिहितो आहे. काचेवर बोट घासून मला शब्द सुचत नाहीत. लिहून झालं की हाशिम फोटो काढून तुला मनिलाला धाडेल. चाळीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, त्याला तिथलं बंदर पालीच्या बाजारासारखं पाठ आहे. तुझं हॉटेल धक्क्यापासून किती लांब, हेही त्याने हिशेब करून मला सांगितलं. तू तिथे मासे खातेस की नुसती पानं चघळतेस हे कळवलं नाहीस, म्हणून मात्र तो नाराज आहे.

तुझ्या खोलीतल्या फिजीच्या मुलीला पित्त झालं आणि तू तिला आमसुलाचं पाणी पाजलंस, हे वाचून आम्ही दोघे फार हसलो. ऐंशी-नव्वद देशांच्या मुली, सगळ्यांना तोच एक मुकुट हवा, आणि तरी एकमेकींच्या पाठीच्या चेन लावून देता, टाचेला पट्ट्या चिकटवता. मला वाटलं होतं तिथे नुसती उणीदुणी असतील. म्हाताऱ्याने काय काय समजून ठेवलेलं असतं.

तुझ्या चालण्याचा व्हिडिओ आईने दाखवला. तिने आवाज बंद ठेवला होता, तेच बरं झालं, कारण मला वेगळंच ऐकू आलं. एक आखूड पाऊल, दोन लांब. आखूड, लांब, लांब. पोरी, हे तर भुजंगप्रयात! तू सहावीत असताना वृत्तं तुझ्या डोक्यात शिरेनात, तेव्हा मी तुला पडवीत चालायला लावलं होतं. लघूला आखूड पाऊल, गुरूला लांब. चार फेऱ्यांत चार चरण. आजी आतून ओरडायची की पोरीला लंगडी करून ठेवशील. शाळेत सदतीस वर्षं कविता शिकवल्या. मुलांनी पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या, विसरून गेली. एकीच्या पायात मात्र कविता राहिली, तीही सहा इंचांच्या टाचेवर.

शालीचं विचारलंस. तुझ्याकडे नुसता फोटो पोचला, म्हणून सगळं सांगतो. इथल्या मंडळाने एस.टी. थांब्याजवळ वीस फुटी फ्लेक्स लावला. ‘पालीची कन्या दिशा घवाळी हिचे हार्दिक अभिनंदन.’ वर तू, खाली शुभेच्छुकांची सोळा तोंडं, कडेला माझंही. फोटो आईने शिवलेल्या निळ्या गाऊनमधला, आणि गाऊनच्या उघड्या, डाव्या खांद्यावरून संगणकाने टाकलेली जांभळी शाल, सोनेरी काठाची. दोन दिवसांत कुणीतरी तुझा मूळ फोटो आणि हा फ्लेक्स शेजारी शेजारी लावून जगभर धाडला. लोक हसले. सुजयच्या छपाईच्या दुकानाला ‘शालवाले’ नाव पडलं. मग त्या वार्ताहर बाईने तुझ्यापुढे माईक धरला, आणि तू दिलेलं उत्तर मी आतापर्यंत वीसदा ऐकलं. आमच्याकडे माणसाचा मान करताना त्याच्या खांद्यावर शाल घालतात, इथे मुकुट कुणालाही मिळो, माझ्या गावाने माझा सत्कार आधीच केला आहे. काय टाळ्या पडल्या!

आता लिहितेस की बुधवारी परीक्षकांपुढे मुलाखत आहे, तिथे हाच प्रश्न येणार आणि तू हेच उत्तर देणार. ‘आजोबा, तसंच आहे ना?’ असं शेवटी विचारलंस.

अगं, शाल म्हणजे मानच. निवृत्तीच्या दिवशी मला तीन मिळाल्या होत्या. सुजय माझाच विद्यार्थी, हौशी आहे. त्याच्या संगणकात शाली, फेटे, हार भरून ठेवलेले असतात. तू त्याचा विचार करत बसू नकोस. उत्तर चांगलं आहे. बोलताना शेवटचा शब्द गिळू नकोस, एवढंच.

थंडी पडू लागली आहे. हापूसला पालवी आहे, मोहोराचं अजून सांगता येत नाही.

तुझा
आजोबा


पाली
सोमवार, १० नोव्हेंबर, दुपार

चि. दिशा,

आशीर्वाद. परवाचं पत्र पोचल्याचं हाशिमने दाखवलं. खाली तू लाल बदाम धाडला होतास. तो बदाम तुला परत करायचा आहे.

त्या पत्रात मी खोटं असं काही लिहिलं नव्हतं, पण जे विचारलं होतंस तेवढंच सोडून बाकी सगळं लिहिलं. वर्गात असं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य देत असे.

शाल मी घालायला लावली.

फ्लेक्स छापायच्या आदल्या दिवशी सुजयने मला बोलावून घेतलं. माझाही फोटो होता, तर गुरुजींनी एकदा पाहावं, एवढंच त्याच्या मनात. मी नि हाशिम गेलो. पडद्यावर तू उभी होतीस. मी पाहिलं आणि म्हटलं, खांद्यावर काहीतरी घाल. सुजय म्हणाला, दुसरा फोटो लावूया का, पंजाबी ड्रेसमधला? मी नको म्हटलं, लोक विचारतील गाऊनमधला का लावला नाही. मग मीच सुचवलं की शाल टाक, सत्काराची वाटेल, कुणाला कळायचं नाही. कळलं ना तुला? ज्या उत्तरावर तिथे टाळ्या पडल्या ते मी इथे लपवालपवीचं निमित्त म्हणून शोधून ठेवलं होतं. तू ते मनापासून म्हणालीस.

का केलं? दूध आणायला रोज त्या थांब्यावरून जातो. माझ्या हाताखालून गेलेली माणसं तिथे उभी असतात. कुणी दुकानदार, कुणी कंडक्टर, दोघे-तिघे तर आता स्वतः मास्तर. त्यांची नजर आधी फ्लेक्सकडे जाईल, मग माझ्याकडे येईल, असं वाटलं. तुझी लाज वाटली नाही, असं आता लिहिलं होतं. ते खोडलं, फोटोत तुला खाडाखोड दिसेल. वाटली. ज्या खांद्यावर रोज सकाळी मी तुझं दप्तर अडकवत असे, त्या एवढ्याशा खांद्याची.

परवाचं पत्र हाशिमने फोटो काढता काढता वाचलं. धाडलं. मग चष्मा पुसत म्हणाला, “मास्तर, जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यास. तुझी कोण तपासणार?” मी त्याला म्हटलं, तू चहा पी. तो चहा न पिता गेला. आजवर असं कधी झालं नव्हतं.

काल रविवारी सुजयकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो. दुकानात एक गिऱ्हाईक वाढदिवसाचा फ्लेक्स सांगत होतं, माझाच दहावीचा विद्यार्थी, आता ट्रक चालवतो. सुजयला म्हणत होता की आमच्या दादाला शाल नको हां घालू, त्याची छाती दिसायला पाहिजे. सुजय हसला. मला पाहिलं तशी त्याने खुर्ची पुढे केली, पुसून. दोन मंडळांनी त्याचं काम काढून घेतलंय, हे मला बाहेरच कळलं होतं. मी विचारलं, इतके दिवस लोक तुला बोलतात, तू माझं नाव का घेतलं नाहीस?

तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही सांगितलंत, मी केलं. त्यात नाव काय घ्यायचं?”

आमच्या पिढीने विद्यार्थ्यांना हे शिकवलं, दिशा. मास्तर सांगेल ते करायचं आणि वर मास्तरची पाठ झाकायची. मला त्याचा किती अभिमान असे. काल त्या पुसलेल्या खुर्चीवर मला बसवेना.

मी त्या ट्रकवाल्याकडे वळलो आणि वर्गात देत असे त्या आवाजात सांगितलं की शाल सुजयने घातली नाही, मी घालायला लावली, हे थांब्यावर सगळ्यांना सांग. तो बिचारा मोबाईलात बघायला लागला. सुजय म्हणाला, गुरुजी, असूदे. मी म्हटलं, असू देणार नाही.

तिथून तुझ्या आईच्या दुकानात. हे अंतर चार दुकानांचं, पण मला वाटेत दोनदा थांबावं लागलं. अक्षया मशीनवर होती. मी उभ्यानेच सांगितलं. मशीन चालूच राहिलं, पट्टी संपेपर्यंत. मग तिने पाय काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “अण्णा, डाव्या खांद्याखालची ती घडी बसवायला मला अकरा दिवस लागले.”

मी तुझा खांदा झाकला असं मला वाटत होतं. तिची घडी झाकली हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. घरातलीच बाई, दिवसभर लोकांचे ब्लाउज आणि मग जेवणं आटोपल्यावर तुझा गाऊन. सहा आठवडे मी ते मशीन ऐकत झोपी जात होतो. ती फ्लेक्सबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, आणि मला वाटलं, तिला शाल आवडली.

माफ कर म्हटलं तिला. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पुढची पट्टी घेताना म्हणाली की दिशाला तुम्हीच कळवा, मी कळवणार नाही. आज सकाळी माझ्या पेजेत तिने तूप घातलं. त्यावर मी अजून काही धरून चाललेलो नाही.

आता तुझ्याबद्दल. काल संध्याकाळी एक विचार येऊन गेला तोही सांगतो, म्हणजे काही शिल्लक राहायला नको. वाटलं, बुधवार जाऊ दे. पोरीचं उत्तर गोड आहे, परीक्षकांना आवडेल, गावाची मान उंच राहील, गुरुवारी कबूल करू. कोण मरतंय? पण मग तू परीक्षकांपुढे ताठ उभी राहून माझी थाप म्हणणार, स्वतःची समजून. आणि ट्रकवाला इथे थांब्यावर खरं सांगत असणार. तुझा मुकुट मी हिरावून घेईन की काय, ही भीती मला आहे. पण तो तुला माझ्या थापेवर मिळावा, ही त्याहून मोठी.

म्हणून गावाने सत्कार केला असं म्हणू नकोस. गावाने झाकलं असंही कुणाला म्हणू देऊ नकोस. गावाने काही केलेलं नाही, आणि सुजयने तर मुळीच नाही. बाकी काय सांगायचं, हसत सांगायचं की रागावून, ते तुझं तू ठरव. ते मी शिकवायचं नाही. तू रागावलीस तरी तुझा आवाज पडणार नाही याची मला खात्री आहे. एका ओळीत सांगण्यासारखं नसेल तर दोन ओळी घे, परीक्षक थांबतील. तुझ्याकडे पाहिल्यावर माणसं थांबतात, हे मी व्हिडिओत पाहिलं आहे.

आज सकाळी सुजयला सांगून नवा फ्लेक्स छापून ठेवला आहे. मूळ फोटो, खांदा जसा आहे तसा, आणि शुभेच्छुकांच्या सोळा तोंडांच्या जागी एकच ओळ: ‘गाऊन शिवला – अक्षया घवाळी, पाली.’ मंडळवाले भांडतील, ते मी बघून घेईन. पण तो आज लावायचा नाही, असं सांगून आलो. आधी तुला कळू दे, तू काय म्हणतेस ते येऊ दे, मग गावाला दिसू दे.

हाशिम ओट्यावर बसला आहे, पत्र संपायची वाट बघत. आज चहा प्यायला.

परीक्षकांनी विचारलं की कुणी घातली शाल, तर ‘घरातल्या कुणीतरी’ असं म्हणून माझी पाठ झाकू नकोस. नाव विचारलं तर पूर्ण सांग, त्या परक्या माणसांना नीट ऐकू जाईल असं. खाली स्पष्ट अक्षरात लिहून देतो.

तुझा आजोबा,
गंगाराम विठू घवाळी