दोन डाव्या बाह्यांचा कोट

३ जून

ती. ताईस,
धाकट्याचा शिवणयंत्रावरूनच वाकून नमस्कार.

बसून वाच. हेडमास्तरांच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. ते भले गृहस्थ घालून बघत होते. उजवा हात अडकला तेव्हा दोघांनाही कळलं. माप घेतो, वळतो, आकडा गायब. परवा 'काज' हा शब्दच आठवेना, शिंपी असून 'बटणाचं भोक' म्हणालो. दुपारी इस्त्री हातात धरून डुलक्या घेतो. बाबांना म्हातारपणी आपली नावं आठवत नव्हती. मला पंचावन्नालाच सुरू झालं. महिनाअखेर दुकान बंद करतोय. हिला एवढ्यात सांगू नकोस.

तुझा बिनडोक भाऊ

९ जून

चि. बिनडोकास,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

हिला सांगू नकोस म्हणे! तिनंच मला गेल्याच आठवड्यात सगळं कळवलंय. तू असा घोरतोस की ती स्वयंपाकघरात झोपायला जाते. पण तिला भीती घोरण्याची नाही, ते थांबतं त्याची. श्वासच बंद! ती आकडे मोजते, कधी पंचवीसपर्यंत. मग तू बुडता माणूस वर यावा तसा धापा टाकतोस. सकाळी तुला पत्ताही नसतो.

तीस वर्षं नर्स होते मी. रात्रभर श्वास अडला, तर मेंदूला ना पुरता प्राणवायू, ना सलग झोप. तो बिचारा मापं कुठून लक्षात ठेवणार? बाबांना काय झालं होतं ते आता कळायचं नाही. तुझं कळेल. झोपेची तपासणी करून घे. त्याआधी दुकानाला कुलूप लावलंस, तर येऊन तोडीन.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
पूर्ण जागेपणी नमस्कार.

तासाला चौतीसदा श्वास अडतो म्हणे! आता नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीला हवा ढकलणारं यंत्र. आरशात हत्ती दिसतो. सुरुवातीला मी झोपेत ते काढून फेकायचो, ही पुन्हा चढवायची. आता मापं डोक्यात टिकतात. दुकान चालू आहे.

निसटलेलं सगळंच परत येईल असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणून काल हिला म्हटलं, माझं काय काय हुकलं ते सांग. मुलीला नोकरी लागल्याचं मला तीनदा सांगावं लागलं होतं आणि तिन्ही वेळा मी तितक्याच आनंदानं नाचलो होतो. हिच्या ऑपरेशनच्या दिवशी मात्र मी दवाखान्यातल्या बाकावर घोरत होतो. ते ऐकून मान वर करवेना.

ती संध्याकाळभर बोलली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मी तिचं बोलणं न पेंगता शेवटपर्यंत ऐकलं. ताई, ती भयंकर विनोदी आहे. मला कुणी सांगितलं कसं नाही?

लोभ असाच दटावत राहो.

तुझा धाकटा