दादा काय म्हणाला असता

दादा,

हे पत्र मी तुला दाखवणार नाही. पण तुझ्याशी भांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तू काचेपलीकडे यंत्राच्या जोरावर श्वास घेतोयस आणि इकडे तुझं मत मला विचारलं जातंय. जवळची नातेवाईक म्हणून मीच सापडले.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, दमलेल्या आहेत. नव्या औषधाची चाचणी चाललीय म्हणाल्या. काही पेशंटना औषध, काहींना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. सुरू करायचं तर आजच, उद्या उपयोग नाही.

"आणि ताई, तुम्हाला काय वाटतं ते नको. त्यांना काय वाटलं असतं, ते सांगा."

तुला काय वाटलं असतं! फुकट रक्तदाब तपासायला आलेल्यालाही तू दारातून परत पाठवलंस. 'मी काय प्रयोगाचा उंदीर आहे?' म्हणून तू बाईंना हाकललं असतंस.

"हो म्हणाला असता," मी म्हटलं. "दादा कुणाला नाही म्हणतच नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. "शुद्धीवर आले की त्यांनाच पुन्हा विचारू. नको म्हणाले तर थांबवू."

"आतापर्यंत कितीजणांना विचारता आलं?"

त्या पेनाचं टोपण शोधू लागल्या.

तेव्हा ऊठ. माझ्या नावानं हवा तेवढा शंख कर, खोटारडी म्हण, सगळ्यांदेखत नकार दे. मी बाहेर बाकावरच बसलेय.

तुझी धाकटी