आधी मारलं, मग त्याच्याच गाडीत बसलो

माय,
जयभीम. मी गंगाखेडकडं उसाच्या फडात मजेत हाय. उजवा हात सुजलाय, पण मला कुणी मारलं न्हाई, मीच मारलं.

काल फडातल्या कोकिळावहिनीला साप चावला. अ‍ॅम्ब्युलन्स दोन तासांनी आली. आमी डायवरला खाली ओढून डोकं फुटेस्तोर तुडवलं. बूट नवे होते त्याचे, माझ्याच मापाचे. ते जाऊ दे.

रक्त पुसत तो म्हणला, "झालं का मारून? आता उचला तिला. दोन तालुक्यांत ही एकच गाडी हाय."

आमच्यात कुणालाच गाडी येत न्हवती. त्यानंच चालवली. मी शेजारी बसून त्याचं डोकं फडक्यानं दाबून धरलं. वहिनी वाचली.

ताईचे दिवस भरत आलेत ना? आपल्या चुडाव्यालाबी गाडी उशिराच येईल. आली की दाजीचा हात धरून ठेव.

तुझा हिंडफिऱ्या,
नागेश